आमच्या वाडवडिलांचे काय? : अनंत दंडाचा सिद्धान्त आणि मराठी मुलूख

पापाचे फळ भोगावे लागते, हे सांगण्यासाठी मराठी माणसाला परदेशी धर्मोपदेशकाची आवश्यकता नव्हती. यमाची सभा, चित्रगुप्ताची वही, वैतरणी, कुंभीपाक ही नावे पुराणश्रवणातून त्याच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेली होती. मनुस्मृतीने २१ नरक सांगितले. भागवताच्या पाचव्या स्कंधात ती संख्या २८ पर्यंत गेली. नरकातील यातनांच्या वर्णनात आपले पुराणकार मध्ययुगीन युरोपातील कोणत्याही चित्रकाराला हार जाणारे नव्हते. परंतु या सर्व नरकांना एक दार बाहेरचेही होते. पापाचा साठा भोगून संपला की जीव तेथून सुटे आणि पुन्हा कोठल्यातरी योनीत जन्म घेई. नरक ही शिक्षा होती, मुक्काम नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज-अमेरिकनांबरोबर जो ख्रिस्ती उपदेश या मुलखात आला, त्यातील खरी नवलाई नरकाच्या न संपण्यात होती.

येथे एक अपवाद नमूद केला पाहिजे. मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव स्वभावतःच तमोयोग्य मानलेले असून त्यांना अंधतमसातून कधीच सुटका नाही. बेळगाव-धारवाडकडील आणि गोव्यातील माध्व घराण्यांना हा विचार अगदीच अनोळखी नव्हता. तथापि भारतीय दर्शनांच्या एकूण प्रवाहात तो एकाकीच राहिला, आणि सामान्य कीर्तन-प्रवचनांतून तर तो जवळजवळ आढळत नाही.

अनंत दंडाची ख्रिस्ती शिकवण मुख्यतः मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायावर उभी आहे. न्यायाच्या दिवशी मेंढरे उजवीकडे आणि शेरडे डावीकडे निवडली जातील. एकांना जीवन, दुसऱ्यांना दंड. मूळ ग्रीक ग्रंथात या दोन्ही गतींना ‘आयोनिओस’ हे एकच विशेषण लावलेले आहे. या शब्दाचा अर्थ ‘कधीही न संपणारे’ असा घ्यावयाचा, की ‘येणाऱ्या युगातले’ असा, हा वाद जवळजवळ ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ओरिजेन हा, अखेरीस सर्वच आत्मे शुद्ध होऊन ईश्वराकडे परततील, अशा आशेचा पुरस्कर्ता होता. सहाव्या शतकात त्याच्या नावाने चालणारी मते चर्चने निषिद्ध ठरविली. त्यापूर्वीच पश्चिमेकडे ऑगस्टीनने आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचे एकविसावे पुस्तक या एकाच विषयासाठी खर्ची घातले होते. त्याचा तर्क सरळ होता : जीवन अनंत असेल तर त्याच वाक्यातला दंडही अनंत मानला पाहिजे. पुढील हजार-बाराशे वर्षे युरोपात हाच तर्क चालला.

मात्र मध्ययुगीन चर्चने या कठोर व्यवस्थेत एक मधली खोली बांधून ठेवली होती. जे श्रद्धावान मेले पण पुरते शुद्ध होऊन मेले नाहीत, त्यांच्यासाठी शुद्धिस्थान. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला ‘पुर्गातोर’. १२७४ च्या लिआँ येथील, १४३९ च्या फ्लॉरेन्स येथील आणि १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंट येथील धर्मपरिषदांनी त्यावर क्रमाक्रमाने शिक्कामोर्तब केले. जिवंतांनी केलेल्या प्रार्थना, दानधर्म आणि मिसा यांचा तेथल्या आत्म्यांना उपयोग होतो, असे मानले गेले. २ नोव्हेंबरला मृतांसाठी होणारी उपासना याच भावनेतून आलेली आहे. प्रॉटेस्टंट सुधारकांनी शुद्धिस्थान शास्त्राधार नाही म्हणून काढून टाकले. त्यांचा आक्षेप मुख्यतः पापमुक्तिपत्रांच्या बाजाराविरुद्ध होता आणि तो रास्तही होता. पण त्या झपाट्यात मधली खोली पाडली गेली आणि मृत्यूनंतर दोनच दारे उरली. पुढे अहमदनगरपर्यंत पोहोचलेला वाद समजून घेण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मिशनच्या इतिहासात या सिद्धान्ताची पहिली मोठी कसोटी लागली ती जपानात. पण तिची हकीकत सांगणारा पुरुष गोव्याचा म्हणून ओळखला जातो. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले, १५४९ च्या ऑगस्टमध्ये जपानला पोहोचले आणि सुमारे सव्वादोन वर्षे तेथे राहून परतले. परतताना कोचीन येथून २९ जानेवारी १५५२ रोजी त्यांनी युरोपातील आपल्या संघबंधूंना एक दीर्घ पत्र लिहिले. यामागुची येथील नवख्रिस्ती लोकांचे एक दुःख त्यांनी त्यात नोंदविले आहे. नरकात गेलेल्यास सुटका नाही, हे ऐकून या लोकांना आपल्या मृत आईबापांची, बायकामुलांची आठवण झाली. दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना काही साह्य करता येईल काय, असे ते विचारीत. काही उपाय नाही, असे उत्तर त्यांना द्यावे लागे. ते ऐकून लोक रडत, आणि ज्याला उपाय नाही अशा गोष्टीसाठी आपले स्नेही रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, अशी कबुली झेवियर यांनी दिली आहे. पत्रात आणखीही एक प्रश्न आहे. देव जर दयाळू, तर त्याने इतकी शतके जपानी लोकांना आपली ओळख का दिली नाही? झेवियर यांचे उत्तर असे, की चांगले-वाईट ओळखण्याचा ईश्वरी नियम मनुष्याच्या हृदयात कोणी न शिकविताही लिहिलेला असतो. उत्तर बुद्धीला पटण्याजोगे असेल; रडणाऱ्यांच्या डोळ्यांतले पाणी त्याने थांबले असे मात्र पत्रावरून दिसत नाही.

झेवियर यांच्यासारखा, धर्मप्रसाराच्या बाबतीत तडजोड न करणारा मनुष्य आपल्या मनाची ही कालवाकालव लपवीत नाही, यात त्या पत्राचे मोल आहे. तीनशे वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उठला तेव्हा त्याच्या पदरी विद्यापीठांची पांडित्ये होती. मूळ मुद्दा यामागुचीचाच होता.

मराठीत हा विषय प्रथम सविस्तर आला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या लेखणीतून. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि उरलेले सारे आयुष्य मुख्यतः साष्टीत काढून १६१९ मध्ये वारला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदमाचे पतन आणि जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. १९०७ च्या मंगळूर आवृत्तीप्रमाणे एकूण ओव्या १०,९६२. आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो, की जुनी पुराणे आमच्यापासून काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? या मागणीतून ग्रंथाचा जन्म झाल्याचे दाखविले आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे ती स्टीफन्सची शब्दयोजना. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ घेतले, नरकासाठी ‘यमकोंड’. कोकणी ख्रिस्ती समाजात हा दुसरा शब्द आजही नित्याच्या वापरात आहे. यमाचे कुंड हे चित्र पुराणांतले. श्रोत्याला ते तत्काळ कळे. पण शब्द उसना घेतला की त्याचे जुने सामानही बरोबर येते. ज्याने कालपर्यंत यमकुंडातून सुटून पुन्हा जन्मलेल्या जिवांच्या कथा ऐकल्या, त्याला त्याच शब्दातून आज कायमचा कारावास समजावयाचा होता. त्यामुळे शब्द देशी ठेवून त्याचा अर्थ उपदेशकाला प्रत्येक वेळी नव्याने बांधावा लागे. एकोणिसाव्या शतकातील मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढेही हीच अडचण होती. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२६ मध्ये मराठी नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल छापून काढले. मराठी बायबलच्या परंपरेत ‘नरक’ आणि ‘अधोलोक’ हे दोन वेगळे शब्द रूढ झाले आणि ‘आयोनिओस’साठी ‘सार्वकालिक’ हे विशेषण स्थिरावले. ‘अनंत’ हा शब्द देवाच्या नावांपैकी एक. तो दंडाला लावणे कानाला खटकले असते, हे उघड आहे.

गोव्याच्या ख्रिस्ती माणसापाशी निदान शुद्धिस्थान होते. श्राद्ध गेले तरी मिसा आली. आई ख्रिस्ती होऊन वारली असेल तर तिच्या आत्म्यासाठी काही करता येत होते. परंतु बाप्तिस्मा न घेता गेलेला बाप या सोयीबाहेरच राहिला. धर्मांतराच्या पहिल्या पिढीतील प्रत्येक घराला ही रेघ मधोमध कापून जात असणार. पितृपक्षात ज्याला घास घातला जाई त्याचे नावही आता प्रार्थनेत घेता येईना.

एकोणिसाव्या शतकात या सिद्धान्तावर हिंदू बाजूने जे शास्त्रशुद्ध आक्षेप घेतले गेले, त्यांत एका मराठी तरुणाचा ग्रंथ विशेष आहे. निळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ मध्ये झाशीजवळचा, कुळ चित्पावन, शिक्षण काशीचे. जॉन म्यूर या कंपनीच्या विद्वान अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता प्रतिपादिली होती. त्याला उत्तर म्हणून गोरे यांनी १८४४-४५ मध्ये, वयाच्या विशीत, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा, की पूर्वजन्म नाकारला तर जन्मतःच दिसणाऱ्या सुखदुःखाच्या विषमतेला कारण उरत नाही. आणि पुनर्जन्म नाकारून वर कायमचा नरक सांगितला, तर ईश्वराच्या ठिकाणी निष्ठुरतेचा दोष येतो. मनुष्याचे पाप कितीही घोर असले तरी ते मर्यादित आयुष्यात केलेले असते. त्याला अमर्याद दंड कोणत्या न्यायाने? कर्मसिद्धान्त मानणाऱ्याला हा प्रश्न सहज सुचावा असाच आहे, पण गोरे यांनी तो नैयायिकाच्या शिस्तीने मांडला.

पुढचा भाग कोणाही कादंबरीकाराला सुचला नसता. ज्या मताचे खंडन केले तेच मत या तरुणाने स्वीकारले. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला जाऊन आले, षड्दर्शनांवर त्यांनी हिंदीत टीकाग्रंथ लिहिला, पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेकडे नेणाऱ्या व्यक्तींमध्ये त्यांचे नाव रमाबाईंनीच कृतज्ञतेने घेतले आहे. पण शंका त्यांच्या मनातून संपूर्ण कधीच गेल्या नाहीत, आणि त्यांत अनंत दंडाची शंका प्रमुख होती. विशीत प्रतिपक्षावर फेकलेला प्रश्न उतारवयापर्यंत त्यांच्या स्वतःच्याच उशाशी राहिला. १८९५ मध्ये ते निवर्तले. त्यांचा तो तरुणपणीचा संस्कृत ग्रंथ मात्र शंभरावर वर्षे हस्तलिखितातच होता. १९५१ मध्ये उज्जैनच्या सिंदिया प्राच्यविद्या संस्थेमार्फत सदाशिव ल. कात्रे यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी विद्येचे हे एक महत्त्वाचे काम असून त्याची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही.

आता अमेरिकेकडे वळणे भाग आहे, कारण पुढील कथेची एक बाजू तेथे घडली. न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल मंडळ्या कॅल्व्हिनच्या कडक परंपरेतल्या. १७४१ मध्ये एनफील्ड येथे जोनाथन एडवर्ड्स यांनी कोपलेल्या देवाच्या हाती सापडलेल्या पाप्यांवर दिलेले प्रवचन ऐकताना लोक आक्रोश करू लागले होते, असा वृत्तान्त आहे. या परंपरेचे विद्यापीठ म्हणजे बोस्टनच्या उत्तरेस असलेले ॲन्डोव्हर येथील धर्मशास्त्रविद्यालय. तेथील विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने १८१० मध्ये परदेशी मिशनांसाठी ‘अमेरिकन बोर्ड’ स्थापन झाले, आणि त्या बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. मराठी मुलखातील अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो. हॉल यांनी न्यूएल या सहकाऱ्याबरोबर लिहिलेली एक पुस्तिका १८१८ मध्ये अमेरिकेत निघाली. तिच्या शीर्षकातच साठ कोटी अख्रिस्ती जिवांचा हक्क मांडलेला होता. साठ कोटी लोक नाशाच्या वाटेवर आहेत आणि त्यांना वाचविणारी वार्ता आपल्यापाशी आहे, तेव्हा उठा आणि पैसे व माणसे द्या : मिशनच्या आवाहनाचा गाभा हा होता. अनंत दंडाचा सिद्धान्त असा जमाखर्चाच्या वहीत जाऊन बसला. पुढे तो हलविण्याची भाषा निघताच बोर्डाच्या चालकांना आपल्या इमारतीचा पायाच खचतो असे का वाटले, याचे उत्तर येथे आहे.

दरम्यान इंग्लंडात या मताची पकड सैल होत होती. ‘आयोनिओस’चा अर्थ कालगणनेने लावू नये असे म्हटल्याबद्दल एफ. डी. मॉरिस यांना १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील अध्यापकपद गमवावे लागले. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, अनंत दंडाबद्दल आशावादी मत बाळगणारा पाद्री दंडपात्र ठरत नाही, असा निवाडा दिला. तेव्हा न्यायमूर्तींनी नरकाचा दावा खर्चासह फेटाळला, असा विनोद लंडनमध्ये चालला. १८७७ च्या हिवाळ्यात वेस्टमिन्स्टर ॲबीत एफ. डब्ल्यू. फॅरर यांनी दिलेल्या व्याख्यानांनी तर खळबळ उडविली. पुढील वर्षी ती ‘अनंत आशा’ अशा अर्थाच्या शीर्षकाने ग्रंथरूप झाली. फॅरर हे मॉरिस यांचे विद्यार्थी. त्यांचा जन्म १८३१ चा, मुंबईचा; वडील चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी, नाशिकच्या कामाचे एक आरंभकर्ते. बालपणीच इंग्लंडला धाडलेल्या या मुलावर नाशिकचा काही संस्कार झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जन्मस्थळाचा योगायोग एवढेच.

ह्यूम यांच्या बाबतीत मात्र तो केवळ योगायोग नव्हता.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत भायखळ्यास झाला. त्यांचे वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम अमेरिकन मराठी मिशनचे. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’शी त्यांचा निकटचा संबंध होता. १८५४ मध्ये मायदेशी जाताना ते वाटेतच वारले. मुलाचे शिक्षण येल आणि ॲन्डोव्हर येथे झाले, आणि १८७४ मध्ये तो मिशनरी म्हणून परत आला व अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) राहिला. १८७८ मध्ये त्यांनी तेथे देशी पाळकांच्या शिक्षणासाठी धर्मशास्त्रविद्यालय काढले. काळ १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाचा. नगर जिल्ह्यातील महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून त्यानंतरच्या वर्षांत अनेक कुटुंबे ख्रिस्ती मंडळीत आली. ही माणसे गाव सोडून गेलेली नव्हती. त्याच वस्तीत, त्याच नात्यागोत्यात राहत होती. ज्यांची लेकरे बाप्तिस्मा घेत होती त्यांचे आईबाप नुकतेच दुष्काळात वा पटकीत गेलेले असण्याचा संभव मोठा. त्यांच्यापाशी श्राद्ध उरले नव्हते. आणि मंडळी काँग्रिगेशनल असल्यामुळे मृतांसाठी मिसाही नव्हती. ज्यांनी ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही ते केवळ ऐकले नाही म्हणून कायमचे दंडास पात्र ठरतात काय, हा ॲन्डोव्हरच्या वर्गातला प्रश्न नगरच्या वाड्यावस्त्यांत रक्ताच्या नात्याचा होता.

ॲन्डोव्हरला या काळी नवे वारे वाहत होते. बर्लिनचे डोर्नर यांच्या ग्रंथांतून एक विचार तेथील प्राध्यापकांपर्यंत आला होता. ख्रिस्त हा सर्व मानवजातीचा न्यायाधीश असेल, तर त्याला ओळखण्याची संधी मिळाल्यावाचून कोणाचाही अंतिम न्याय होणे उचित नाही; ज्यांना ती या जन्मी मिळाली नाही त्यांना मृत्यू आणि अंतिम न्याय यांच्या दरम्यान ती मिळत असावी. पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताने बंदिवासातील आत्म्यांना घोषणा केल्याचा जो गूढ उल्लेख आहे, त्याचा आधार यासाठी घेतला जाई. याला ‘मरणोत्तर संधी’चे मत म्हणता येईल. त्याचे पुरस्कर्तेही ते गृहीतक म्हणूनच मांडीत होते. अनंत दंड त्यांनी नाकारलेला नव्हता; संधी मिळूनही जो पाठ फिरवील त्याला दंड आहेच, असे ते म्हणत. तरीही न्यू इंग्लंडात वादळ उठले. १८८२ मध्ये न्यूमन स्मिथ यांची ॲन्डोव्हरच्या अध्यासनावरील नेमणूक याच कारणासाठी अडली. १८८६ मध्ये तेथील पाच प्राध्यापकांवर विद्यालयाच्या मतपत्राशी द्रोह केल्याचा आरोप ठेवून रीतसर चौकशी सुरू झाली.

त्याच वर्षी रजेवर अमेरिकेत असलेले ह्यूम ॲन्डोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या भोजनसमारंभात बोलले. या मताविषयी त्यांनी सहानुभूती दाखविली. ते बाळगणाऱ्याला मिशनच्या कामास अपात्र समजू नये, हा त्यांच्या भूमिकेचा अर्थ होता. बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांना हिंदुस्थानात परत पाठविण्याचे लांबणीवर टाकले. बारा वर्षे काम केलेला, मिशनच्याच घरात जन्मलेला, मराठी बोलत वाढलेला मनुष्य बोस्टनमध्ये अडकून पडला, आणि नगरचे विद्यालय त्याच्यावाचून राहिले.

बोर्डाचे चिटणीस एडमंड ऑल्डन हे या मताचे कट्टर विरोधक होते. त्यांच्या पक्षाचे म्हणणे असे, की मेल्यावरही संधी आहे असे एकदा मानले तर मिशनकार्याची शीर तोडल्यासारखे होईल. मग कोण घरदार सोडून परमुलखात मरावयास जाईल? या युक्तिवादात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. हॉल यांच्यापासूनची पिढी मुंबई-नगरच्या हवेत अकाली मरण पत्करीत आली होती ती साठ कोटी जिवांच्या नाशाच्या जाणिवेने. स्वतः हॉल १८२६ मध्ये पटकीने वाटेतच वारले होते. परंतु ह्यूम हे स्वतःच या युक्तिवादाला उत्तर होते. नव्या मताकडे झुकलेला हा मनुष्य परत नगरला जाऊ द्या म्हणून मागणी करीत होता आणि शीर तुटेल म्हणणारे त्याला जाऊ देत नव्हते.

१८८६ च्या ऑक्टोबरात आयोवा राज्यातील डे मॉइन येथे बोर्डाची वार्षिक सभा भरली. वाद कडाक्याचा झाला. बहुमताने समितीच्या सावधगिरीची पाठराखण केली आणि मरणोत्तर संधीचे मत धोक्याचे ठरविले. तरीही ह्यूम यांच्याबाबत समितीला अखेर माघार घ्यावी लागली. नव्या उमेदवाराला दारातच अडविणे सोपे असते. ज्याचे काम उभे आहे आणि ज्याच्याविषयी देणगीदार मंडळ्यांत आदर आहे, अशाला काढून टाकणे सोपे नसते. १८८७ मध्ये परवानगी मिळाली आणि ह्यूम नगरास परतले.

त्याच वर्षी जूनमध्ये ॲन्डोव्हरच्या पाचांपैकी फक्त एग्बर्ट स्मिथ यांना दोषी ठरविण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये तो निर्णय रद्दबातल केला आणि १८९२ मध्ये आरोप निकालात निघाले. बोर्डातील झगडा आणखी वर्षभर चालला. विल्यम नॉइस या तरुण उमेदवाराला याच मतासाठी नाकारल्यावर बोस्टनच्या एका मंडळीने त्याला स्वतःच्या खर्चाने पाठविले, आणि तेही जपानला. १८९३ मध्ये वुस्टर येथील सभेने त्याची नेमणूक मान्य केली. ऑल्डन यांनी चिटणीसपद सोडले. सिद्धान्तावर शेवटचा शब्द कोणी उच्चारला नाही. एवढेच ठरले, की हे मत बाळगणाऱ्यालाही मिशनरी होता येईल. मोठ्या धर्मवादांचा शेवट पुष्कळदा असाच, निवाड्याने न होता नेमणुकीच्या ठरावाने होतो.

ह्यूम यांचे नाव पुढे वेगळ्या कारणांनी गाजले. १८९३ मध्येच शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत ते बोलले. १८९७ ते १९०० च्या दुष्काळांतील साह्यकार्याबद्दल सरकारने त्यांना १९०१ मध्ये कैसर-इ-हिंद पदक दिले. १९०५ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मिशनकार्याची आधुनिक दृष्टीने मांडणी केली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला आले ते याच मंडळीत, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या या कवीला त्यांनी विद्यालयात शिकविण्यास वाव दिला. हॉल यांच्या काळात हे घडते काय, याविषयी शंका घेता येते. तुकोबा ज्या बाजूला उभे आहेत ती बाजू सरसकट नाशाची मानणाऱ्या माणसाला असा पूल दिसलाच नसता.

१९२९ मध्ये अमेरिकेत ह्यूम यांचा अंत झाला. कॅथलिक चर्चने आपल्या बाजूने या प्रश्नाला उत्तर दिले ते १९६४ मध्ये. आपल्या दोषावाचून ज्यांना शुभवर्तमान कळले नाही पण जे सदसद्विवेकाला अनुसरून जगले, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या चर्चविषयक घोषणापत्राच्या सोळाव्या परिच्छेदात म्हटले आहे. यामागुचीच्या रडणाऱ्या लोकांना ४१२ वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते. अनंत दंडाची शिकवण मात्र चर्चने मागे घेतलेली नाही, आणि मराठी बायबलातील मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात जीवनाला आणि शिक्षेला ‘सार्वकालिक’ हे एकच विशेषण आजही छापले जाते.